निकोडेमस

निकोडेमस हे अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील, ग्रॅहम परगण्यातले लहानसे गाव. सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळच्या प्रेअरीत, म्हणजे झाडे विरळ असलेल्या गवताळ माळावर ते वसले आहे. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी 1877 मध्ये ही वस्ती उभी केली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस अशा ज्या वस्त्या झाल्या, त्यांतील जुन्यांपैकी ही एक असून ती आजही नांदती आहे.

बहुतेक कुटुंबे केंटकी राज्यातून आली. 1862 च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन आपल्या नावावर करून घेता येत असे. ज्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांना या आश्वासनाचे मोल किती वाटले असेल! सप्टेंबर 1877 मध्ये तीनशेहून अधिक माणसे एलिस स्थानकावर उतरून माळ तुडवत इथे पोहोचली. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी गाव दिसले त्या क्षणाची आठवण सांगून ठेवली आहे. सोबतचे पुरुष बोट दाखवत होते, पण विलियानांना घर म्हणून काही दिसेना, दिसला तो जमिनीतून निघणारा धूर. हेच निकोडेमस, हे कळल्यावर त्या रडू लागल्या.

तो धूर भुयारी घरांचा होता. उताराच्या पोटात खोली खणायची, पुढच्या बाजूला दार ठेवायचे, वर लाकडे, काटक्या आणि मुळांसकट कापलेली मातीची ढेपळे रचायची, की घर तयार. लाकूड दुर्मीळ, म्हणून मातीच हाताशी. प्रेअरीच्या गवताची मुळे इतकी दाट गुंतलेली की ढेपळ विटेसारखे सलग निघे. त्याच ढेपळांच्या दोन-दोन फूट जाड भिंतींची घरेही पुढे झाली. उन्हाळ्यात ती थंड आणि हिवाळ्यात उबदार राहत, पण पाऊस थांबला तरी छतातून चिखलाचे पाणी ठिबकत राही. सरपण म्हणून वाळलेले शेण आणि सूर्यफुलाचे दांडे. गोवऱ्या थापणाऱ्या आपल्याकडच्या घरांना यात नवल वाटणार नाही. बैल-नांगर जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे पहिली पेरणी बऱ्याच जणांनी कुदळ-फावड्याने केली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचे मांस वाटून दिले, अशी आठवण गावात सांगितली जाते.

मग चुनखडीचा दगड आला. झेड. टी. फ्लेचर हे गावचे पहिले पोस्टमास्तर. त्यांचे सेंट फ्रान्सिस हॉटेल 1880 च्या सुमाराचे असून, फ्लेचर-स्वित्झर निवास या नावाने ते आजही उभे आहे. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च (1885), जुने फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च (1907), शाळा (1918) आणि टाउनशिप हॉल (1939) या वास्तूही टिकल्या आहेत. याच पाच इमारतींभोवती 1996 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाले.

1880 च्या दशकात गावात दुकाने होती, दोन वृत्तपत्रे निघत. इथले ई. पी. मॅकेब 1882 मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. घात केला तो रेल्वेने. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकचा मार्ग नदीपलीकडून गेला आणि दुकानदार आपली दुकाने उचलून मार्गावरच्या बोग या गावाला निघून गेले. पुढे 1930 च्या दशकातील दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी शेतकरीही हुसकले. 1953 मध्ये टपाल कचेरी बंद पडली.

आज इथे राहणारी माणसे अगदी थोडी, पण गाव ओस पडलेले नाही. दर वर्षी जुलैच्या अखेरीस मूळ कुटुंबांचे वंशज दूरदूरहून परततात. मुक्तिदिनाच्या जुन्या उत्सवातून आलेल्या या ‘होमकमिंग’ला मिरवणूक निघते, पंगती बसतात, नातवंडांना पणज्यांची जागा दाखवली जाते. भुयारी घरांपैकी फारसे काही उरलेले नाही. माळावर कुठे कुठे फक्त जमीन खचल्यासारखे खळगे दिसतात, गवताने भरलेले.