वाढलेली रात्र आणि वाढलेला सामना

कोथरूडच्या आमच्या घरात फ्रिजच्या दारावर भाच्याने फुटबॉलचे वेळापत्रक चिकटवले आहे. युरोपातील रात्रीचे सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होत असल्यामुळे त्याने प्रत्येक वार खोडून पेनाने पुढचा वार लिहिला आहे. म्हणजे इंग्लंडमधली सोमवारची रात्र आमच्या फ्रिजवर मंगळवारी दीडला उगवते. "मामा, यांनी सामने किती वाढवलेत बघ, एक रात्र झोपायला मोकळी नाही," अशी त्याची तक्रार असते. त्या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी मिसळल्या आहेत. आठवड्यातील आणखी एका रात्री खेळ ठेवणे ही एक गोष्ट झाली आणि मोसमातील सामन्यांची संख्या वाढवणे ही दुसरी. टीव्हीसमोर बसणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात, कारण दोन्हींत त्याचे जागरण वाढते. पण खेळाडूचे पाय, क्लबची तिकीटखिडकी आणि मैदानावर येणारा माणूस यांच्यावर त्यांचे परिणाम निरनिराळे होतात.

पुणेकराला हा फरक संगीतातून चटकन कळावा. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मैफली एके काळी पहाटेपर्यंत चालत असत. ध्वनिक्षेपकावर रात्रीची मर्यादा आल्यानंतर महोत्सवाचे दिवस वाढले. मात्र दिवस वाढले म्हणून गाणे त्याच प्रमाणात वाढले असे कोणी म्हणणार नाही, कारण त्यातले पुष्कळसे केवळ अधिक दिवसांवर पसरले गेले.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये हेच घडले, किंबहुना त्याच्याही पुढचे घडले. 1992 मध्ये लीग सुरू झाली तेव्हा 22 संघ होते आणि मोसमात 462 सामने होत. 1995-96 पासून संघ 20 झाले आणि सामने 380 वर आले. मात्र शनिवार दुपारचा जुना ठरलेला कार्यक्रम याच काळात मोडत गेला. सोमवारची रात्र दूरचित्रवाणीसाठी पहिल्या मोसमापासूनच वापरात आली होती आणि 2016-17 मध्ये शुक्रवारची रात्रही नियमित झाली. माल कमी झाला आणि दुकान जास्त दिवस उघडे राहू लागले, असा हा व्यवहार आहे. त्यामागचे कारण सरळ आहे: एकाच वेळी आठ सामने चालू असतील तर प्रेक्षक आठ ठिकाणी विभागला जातो, आणि एकच सामना स्वतंत्र रात्री ठेवला की त्या रात्रीचा सगळा प्रेक्षक प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीकडे जातो. शिवाय तेथे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत थेट प्रक्षेपण करायचे नाही असा जुना दंडक आहे, जेणेकरून लोकांनी घरी बसण्याऐवजी आपल्या गावच्या छोट्या संघाच्या मैदानावर जावे. त्यामुळे टीव्हीवरचे सामने वाढवायचे तर ते इतर वेळी नेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सामना वाढवण्याचे उदाहरण अमेरिकेतल्या, हेल्मेट घालून खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये स्वच्छ दिसते, कारण एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगने दोन्ही गोष्टी केल्या, पण वेगवेगळ्या वर्षी. तेथे सोमवारची रात्र 1970 पासून आहे. गुरुवारची रात्र 2006 मध्ये आली आणि 2012 पासून जवळजवळ मोसमभर चालू लागली. तरीही प्रत्येक संघाचे सामने 16 आणि एकूण 256 हेच आकडे कायम राहिले. पुढे 2021 मध्ये प्रत्येक संघाला सतरावा सामना देण्यात आला आणि एकूण संख्या 272 झाली. गुरुवारमुळे वर्षाचा भार वाढला नाही, विश्रांतीचे गणित मात्र बिघडले: रविवारी खेळलेला संघ एरवी सात दिवसांनी मैदानात उतरतो, तो चौथ्याच दिवशी उतरू लागला. सतराव्या सामन्याचे दुखणे वेगळे आहे, कारण तेथे दोन सामन्यांमधले अंतर तेवढेच राहते, पण वर्षाअखेरीस शरीराने सोसलेल्या धडकांची बेरीज वाढते. पहिल्या दुखण्यावर वेळापत्रक नीट आखणे हा उपाय चालतो. दुसऱ्यावर तो चालत नाही. तेथे राखीव खेळाडू वाढवावे लागतात किंवा दुसरे काही कमी करावे लागते, आणि एनएफएलने सरावाचे सामने चारावरून तीन केले ते यासाठीच.

जाता जाता सांगायचे तर, अतिरिक्त रात्रीसाठी अमेरिकेने शुक्रवार निवडला नाही याला 1961 चा प्रक्षेपणविषयक कायदा कारणीभूत आहे. शाळा-महाविद्यालयांच्या मोसमात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी व्यावसायिक सामने दाखवण्यावर त्या कायद्यामुळे आडकाठी येते.

जर्मनीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. बुंडेसलीगा या तिथल्या अव्वल फुटबॉल लीगने 2017-18 पासून मोसमातले पाच सामने सोमवारी रात्री ठेवले. लीगचे एकूण सामने 306 होते आणि 306 च राहिले. त्यामागे पैशाखेरीज एक पटण्याजोगे कारणही होते: गुरुवारी युरोपा लीग ही युरोपातील क्लबांची स्पर्धा खेळून परतलेल्या संघांना एखादा दिवस जास्त विश्रांती मिळावी. रात्र वाढवण्याने खेळाडूंचा भार हलकाही होऊ शकतो, ही गोष्ट टीकाकार सहसा विसरतात. तरीही प्रेक्षक भडकले, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे योग्यच होते. जर्मन चाहते आपल्या संघामागे शेकडो किलोमीटरचा प्रवास करतात. सोमवारी रात्री साडेआठला सुरू होणारा सामना पाहून मंगळवारी सकाळी कामावर हजर कसे राहायचे? फेब्रुवारी 2018 मध्ये फ्रँकफर्टच्या मैदानावर टेनिसच्या चेंडूंचा सडा पडला आणि खेळ थांबवावा लागला. पुढच्याच सोमवारी, एरवी 80 हजारांहून अधिक प्रेक्षकांनी भरणाऱ्या डॉर्टमुंडच्या मैदानावर सुमारे 54 हजारच लोक आले. अखेर 2021-22 पासून लीगने सोमवार सोडून दिला. सामना वाढला असता तर क्लबला निदान आणखी एका दिवसाची तिकिटे विकता आली असती; येथे तिकिटे तेवढीच होती आणि त्यातलीही काही घरीच राहिली.

ही अडचण बालेवाडीला गेलेल्यांना समजावून सांगायला नको. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी हा संघ तेथे खेळत असताना 2017-18 च्या मोसमात आठवड्यामधल्या रात्री आठला सुरू होणारे सामने मी पाहिले आहेत. हिंजवडीहून सुटलेल्या गाड्यांची रांग महामार्गाच्या पुलाखाली अडकलेली असे, त्यामुळे पहिली दहा मिनिटे हमखास बुडत, आणि सामना संपवून बाहेर पडावे तेव्हा दहा वाजत आलेले असत. शाळकरी मुलांना घेऊन आलेले पालक सत्तराव्या मिनिटापासूनच जिन्याकडे सरकू लागत.

गंमत अशी की आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये या दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिशांनी गेल्या. 2014 च्या पहिल्या मोसमात आठ संघ आणि साखळीचे 56 सामने होते, पण ते 12 ऑक्टोबरपासून जेमतेम दोन महिन्यांत उरकायचे असल्यामुळे जवळजवळ रोज रात्री खेळ असे. 2017-18 मध्ये दहा संघ झाले आणि साखळीचे सामने 90 झाले, परंतु मोसम नोव्हेंबर ते मार्च असा लांबल्यामुळे आठवड्यातील काही रात्री रिकाम्या राहू लागल्या. सामने वाढले, आणि आठवड्यातल्या रात्री मात्र कमी झाल्या.

फ्रिजवरच्या कागदाकडे परत यायचे तर, भाच्याची तक्रार चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या बाबतीत खरी ठरते. 2024-25 पासून त्या स्पर्धेत संघ 32 चे 36 झाले, पहिल्या टप्प्यात प्रत्येकाला सहाऐवजी आठ सामने आले आणि स्पर्धेतील एकूण सामने 125 वरून 189 वर गेले. त्याच मोसमात सप्टेंबरच्या पहिल्या फेरीला मंगळवार-बुधवारच्या जोडीला गुरुवारही देण्यात आला, पण खरे ओझे त्या नव्या गुरुवारचे नव्हते. त्या फेरीतले 18 सामने तीन रात्रींत सहा-सहा असे वाटले गेले होते, एवढेच. कोणताही संघ त्या आठवड्यात या स्पर्धेत दोनदा खेळला नाही. ते आले जानेवारीत. पूर्वी या स्पर्धेपुरता तो महिना मोकळा असे, आणि आता त्यात दोन फेऱ्या बसल्या आहेत. भाच्याने त्या दोन्ही आठवड्यांभोवती लाल वर्तुळ काढून ठेवले आहे, आणि खाली त्याच्या आईने त्याच तारखांना पूर्वपरीक्षा असल्याचे लिहिले आहे.