सहलग्नता आणि क्रॉसिंग ओव्हर

सहलग्नता म्हणजे लिंकेज. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेली जनुकं पुढच्या पिढीत शक्यतो जोडीनेच जातात, त्याला हे नाव. कधीमधी ही जोडी फुटते आणि नवीन जुळणी होते, ते रिकॉम्बिनेशन, म्हणजे पुनःसंयोजन. माणसात जनुकं साधारण २० हजार आणि गुणसूत्रांच्या जोड्या फक्त २३, त्यामुळे एकेका गुणसूत्रावर शेकड्यांनी जनुकं दाटीवाटीने असणार आणि मेंडेलचा ‘प्रत्येक गुण स्वतंत्रपणे उतरतो’ हा नियम सगळीकडे लागू होणार नाही हे आता उघड वाटतं, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फारच थोड्यांच्या डोक्यात होतं.

१९०५ च्या सुमारास केंब्रिजच्या बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट यांना स्वीट पीच्या झाडांत हिशोब चुकताना दिसला. जांभळं फूल आणि लांब पराग एका बाजूचे, लाल फूल आणि गोल पराग दुसऱ्या बाजूचे. दुसऱ्या पिढीच्या ३८१ झाडांत मिसळ झालेली झाडं प्रत्येक प्रकारची ७१ च्या आसपास यायला हवी होती, आली २१-२१. कारण मात्र त्यांना नीट सांगता आलं नाही, ते सांगितलं १९११ मध्ये कोलंबिया विद्यापीठात फळमाश्या पाळणाऱ्या मॉर्गनने.

बीजपेशी बनताना, म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजनात, आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र शेजारी शेजारी येतात, त्यांचे धागे सारख्याच जागी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल होते. हेच क्रॉसिंग ओव्हर. आता मुंबईकराला हे असं सांगता येईल: सीएसएमटी ते कल्याण दरम्यान कुठेतरी ओव्हरहेड वायर तुटली तर सीएसएमटी आणि मस्जिद वेगवेगळ्या बाजूंना पडायची शक्यता किती? जवळपास नाहीच. सीएसएमटी आणि ठाणे मात्र सहज. म्हणजे दोन जनुकं किती वेळा वेगळी होतात ह्यावरून त्यांच्यातलं अंतर काढता येतं, आणि मॉर्गनचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट ह्याने १९१३ मध्ये असाच पहिला नकाशा छापला. १ टक्का रिकॉम्बिनेशन म्हणजे १ सेंटिमॉर्गन. आपण अंतर किलोमीटरमध्ये न सांगता ‘वीस मिनिटं’ म्हणतो ना, तसलंच हे माप आहे. माणसात १ सेंटिमॉर्गन म्हणजे सरासरी १० लाख अक्षरं डीएनए, पण सगळीकडे सारखं नाही, पावसात पाणी भरायच्या जागा ठरलेल्या असतात तसे क्रॉसिंग ओव्हरचेही हॉटस्पॉट असतात. रिकॉम्बिनेशनचा आकडा ५० टक्क्यांच्या वर जात नाही, फार लांबची जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर असल्यासारखीच वागतात.

मॉर्गनच्या एका मोजणीत काळं अंग आणि खुरटे पंख ह्या जोडीच्या २३०० माश्यांत ३९१ मिसळीच्या निघाल्या, म्हणजे १७ टक्के. टीवायला आमच्या बॅचनेही हाच क्रॉस केला होता. केळ्याच्या वासाच्या बाटल्या, माश्यांना बेशुद्ध करायला ईथर, मग पांढऱ्या टाइलवर ब्रशने एकेक माशी बाजूला सारत मोजायची, आणि दोन दुपारी घालवून मिसळीची एकही नाही! जर्नलमध्ये लिहायचं काय? सरांनी एकच विचारलं, संकरित मादी घेतलीत की नर? आम्ही नर घेतला होता. फळमाशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर होतच नाही, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही.

माणसातलं एक उदाहरण आपल्या शहराच्या नावाचंच आहे. बॉम्बे ब्लड ग्रुप, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे मुंबईतच शोधलेला. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसतं पण ह्या लोकांना ‘ओ’ रक्तही चालत नाही कारण त्यांच्या रक्तपेशींवर एच अँटिजनच (‘ओ’ रक्ताच्या पेशींवरही असणारी रक्तगटाची मूळ खूण) नसतो. त्याचं जनुक एफयूटी-१, १९ नंबरच्या गुणसूत्रावर, आणि लाळेत एच सोडणारं एफयूटी-२ त्याच्यापासून जेमतेम ३५ हजार अक्षरांवर. सरासरी धरली तर ही जोडी साधारण तीन हजार बीजपेशींमागे एकदा फुटणार. भारतातल्या नेहमीच्या बॉम्बे प्रकारात एफयूटी-१ बिघडलेलं आणि शेजारचं एफयूटी-२ गायबच, आणि दोन्ही दोष पिढ्यानपिढ्या एकाच तुकड्यावरून येत राहिलेत, म्हणून ह्या लोकांच्या लाळेतही एच सापडत नाही. एफयूटी-२ शाबूत असेल तर लाळेत एच मिळतो आणि मग त्याला पॅरा-बॉम्बे म्हणतात.