प्रेअरीतील आकाशाचे छायाचित्रण

उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पूर्वेला पसरलेल्या गवताळ मैदानांतील आकाश, ढग आणि वादळे टिपणारी निसर्ग-छायाचित्रणाची शाखा. कॅनडातील आल्बर्टा, सस्कॅचेवान व मॅनिटोबा हे प्रांत आणि अमेरिकेतील डकोटा ते ओक्लाहोमा हा पट्टा हे तिचे मुख्य क्षेत्र. सस्कॅचेवानमधल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘जिवंत आकाशांची भूमी’ अशा अर्थाचे ब्रीद असते आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

डोंगर किंवा दाट झाडी आड येत नसल्याने येथे दूरवरचे वादळ पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका चौकटीत मावते. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट हवा, तिच्यावर सरकणारी पश्चिमेची कोरडी हवा आणि उंचीनुसार दिशा व वेग बदलणारा वारा यांमुळे स्वतःभोवती फिरणारी ‘सुपरसेल’ वादळे तयार होतात. दक्षिणेत मे-जून, तर कॅनडाच्या बाजूला जुलै हा त्यांचा भर.

हे आकाश सुरुवातीला कॅमेऱ्यात येतच नसे. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने जमीन नीट उठली की आकाश कोरे पांढरे पडे. तरीही कॅन्ससमध्ये २६ एप्रिल १८८४ रोजी ए. ए. ॲडम्स यांनी टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ, टिपला. ते टॉर्नेडोचे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र मानले जाते. पुढे पॅनक्रोमॅटिक (सर्व रंगांच्या प्रकाशाला संवेदनशील) फिल्म व लाल फिल्टर आल्यावर निळे आकाश गडद करून ढग उठावदार करता येऊ लागले. अमेरिकी छायाचित्रकार मिच डोब्राउनर यांची वादळांची कृष्णधवल चित्रे याच परंपरेतली. त्यांना २०१२ चा सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कार मिळाला.

चौकटीत क्षितिज बहुधा अगदी खाली ठेवतात. मात्र नुसते आकाश पुरत नाही. एखादे धान्याचे उंच लाकडी कोठार, पवनचक्की किंवा एकटे झाड असेल तरच ढगाचा अवाढव्यपणा जाणवतो. जुनी कोठारे झपाट्याने पाडली गेल्याने उरलेल्यांची चित्रे आता दस्तऐवज म्हणूनही मोलाची आहेत. उजळ आकाश व काळपट गवत यांचा मेळ घालायला अर्धा गडद फिल्टर येथे विशेष उपयोगी पडतो, कारण क्षितिजरेषा सरळ असते. चकाकी कमी करून आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर मात्र वाइड अँगल लेन्सवर जपून वापरावा. आकाशाचा एकच पट्टा काळवंडतो.

सर्वांत सुंदर प्रकाश बहुधा वादळ निघून गेल्यावर मिळतो. वादळे साधारणपणे पूर्वेकडे सरकतात. त्यामुळे संध्याकाळी मावळतीचे ऊन त्यांच्या पाठीवर पडते, ढगाच्या तळाशी लोंबणाऱ्या मॅमाटस पिशव्या केशरी होतात आणि पूर्वेला पावसाच्या पडद्यावर इंद्रधनुष्य उमटते. पाऊस थांबला म्हणून सामान आवरणारे नेमके हेच गमावतात.

धोका खरा आहे. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे सुमारे ४.२ किमी रुंद टॉर्नेडोत अनुभवी वादळ-अभ्यासक टिम समारस, त्यांचा मुलगा व एक सहकारी मृत्युमुखी पडले. मैदानांत बऱ्याच ठिकाणी मैलामैलावर काटकोनात छेदणारे रस्ते असल्याने जागा बदलणे सोपे जाते, पण त्यांतले कच्चे रस्ते पावसात चिखलाने निसरडे होतात. म्हणून जाणकार डांबरी रस्ता जवळ ठेवतात, वादळाच्या वाटेतून निघता येईल अशा बाजूला गाडीचे तोंड करून थांबतात आणि विजा जवळ आल्या की ट्रायपॉड सोडून गाडीत बसतात.