कर्नलची वर्दी आणि यूडेव्हची वर्दी: दिसायला सारखी, अर्थाने वेगळी

लिनक्सवर डिव्हाइस जोडलं की दोघे वर्दी, म्हणजे सूचना, देतात: आधी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि मग यूडेव्ह, म्हणजे डिव्हाइसांसाठीचे नियम चालवणारा मागे चालू असलेला प्रोग्रॅम. टर्मिनलमध्ये 'यूडेव्हएडीएम मॉनिटर' चालू करा आणि एखादं यूएसबी-सिरियल अ‍ॅडॉप्टर लावा. जवळपास सारख्याच ओळी दोनदोनदा उमटतात. एकीच्या सुरुवातीला 'कर्नल' असतं, दुसरीच्या सुरुवातीला 'यूडेव्ह'. दोन्हीत 'अ‍ॅड', दोन्हीत तोच लांबलचक पत्ता. दुसरी ओळ ही पहिलीची नक्कल असं समजून बरेच जण ती सोडून देतात, आणि 'डिव्हाइस दिसतं पण उघडत नाही' हे दुखणं नेमकं तिथेच असतं.

कर्नलची ओळ एवढंच सांगते की हे डिव्हाइस सिसएफएसमध्ये (कर्नल डिव्हाइसांची यादी जिथे मांडतो त्या '/सिस' फोल्डरमध्ये) नोंदवलं गेलं. ड्रायव्हर मिळाला, असा तिचा अर्थ नाही. ही वर्दी नेटलिंक सॉकेटवर (कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यातल्या संदेशवाहिनीवर) गट क्रमांक १ वर जाते. तिच्यात कृती, पत्ता, सबसिस्टिम, अनुक्रमांक आणि लागू असेल तिथे मेजर-मायनर क्रमांक (कर्नल डिव्हाइस ओळखतो ते आकडे) असतात. प्रोग्रॅम ज्या फाइलमधून डिव्हाइस वापरतात ती '/डेव्ह'मधली फाइल तोवर तयार झालेली असते. ती यूडेव्ह बनवतो हा समज फार पसरलेला आहे. २००३ साली यूडेव्ह आला तेव्हा ते खरं होतं, पण कर्नल २.६.३२ मध्ये, म्हणजे २००९ साली, डेव्हटीएमपीएफएस (कर्नल स्वतः भरतो ती '/डेव्ह'ची फाइलसिस्टिम) आलं. ते चालू असलं की फाइल कर्नलच बनवतो. फक्त बहुतेक डिव्हाइसांची फाइल रूटच्या मालकीची असते आणि परवानगी ०६०० असते, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येतं.

यूडेव्हची ओळ येते ती नियम चालवून झाल्यावर. '/यूएसआर/लिब', '/रन' आणि '/ईटीसी' इथल्या नियमांच्या फाइली नावाच्या क्रमाने एकत्र वाचल्या जातात. फाइलचा गट बदलतो (डेबियनवर 'डायलआउट', आर्चवर 'यूयूसीपी'), परवानगी ०६६० होते (गटालाही वाचता-लिहिता येतं), '/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी'खाली दुवा तयार होतो, '/रन/यूडेव्ह/डेटा'त नोंद पडते. मग ही वर्दी गट क्रमांक २ वर जाते. चौकोनी कंसातले सेकंद वजा केले की त्या डिव्हाइसला किती वेळ लागला ते कळतं.

म्हणून जो प्रोग्रॅम '/डेव्ह' फोल्डरवर नजर ठेवून फाइल दिसताच उघडायला जातो, त्याला 'परमिशन डिनाइड' मिळतं, आणि अर्ध्या सेकंदाने तोच प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. त्यावर एक सेकंद थांबायची ओळ घालणं हा चुकीचा उपाय आहे. मशीनवर ताण आला की तो सेकंदही पुरत नाही. लिबयूडेव्हमध्ये (प्रोग्रॅममधून यूडेव्हशी बोलण्याच्या लायब्ररीत) मॉनिटर उघडताना 'कर्नल'ऐवजी 'यूडेव्ह' हे नाव द्यायचं, बस.

पण हे दोघे एकामागून एक, एकदाच बोलतात असंही नाही. एफटीडीआय कंपनीचं ०४०३:६००१ (उत्पादक आणि उत्पादनाचा क्रमांक) अ‍ॅडॉप्टर लावलं की कर्नल आधी यूएसबी डिव्हाइसची आणि मग त्याच्या इंटरफेसची वर्दी देतो. इंटरफेसच्या वर्दीत मोडअलियास (कोणता ड्रायव्हर जुळेल हे सांगणारी खूण) असतो, 'यूएसबी:व्ही०४०३पी६००१' असा सुरू होणारा. तो वाचून मॉड्यूल (गरजेपुरता लोड होणारा ड्रायव्हर) लोड करण्याचं काम यूडेव्हच्या नियमाचं. मॉड्यूल आलं की ड्रायव्हर इंटरफेस ताब्यात घेतो, आणि तेव्हा कुठे कर्नल 'टीटीवाययूएसबी०'ची वर्दी देतो. ती पुन्हा यूडेव्हकडे जाते. म्हणजे यूडेव्ह बंद असेल आणि मॉड्यूल आधी लोड नसेल, तर कर्नलच्या ओळी दिसतील आणि तरीही सिरियल पोर्ट कधीच उगवणार नाही.

याच्या उलटही होतं. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० या यूएसबी-सिरियल चिपची बरीच बोर्डं लावताक्षणी पोर्ट येतो आणि लगेच जातो. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदींत) दिसतं की ही चिप चालवणाऱ्या सीएच३४१ ड्रायव्हरने धरलेला इंटरफेस 'बीआरएलटीटीवाय'ने काढून घेतला. हे ब्रेल डिस्प्लेसाठीचं सॉफ्टवेअर. काही ब्रेल डिस्प्लेंमध्ये हीच चिप असल्यामुळे त्याच्या यूडेव्ह नियमात तिचा क्रमांक होता. कर्नलने आपलं काम चोख केलेलं असतं, गाडी अडते ती नियमापाशी. ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर ते पॅकेज काढावं.

नियम स्वतः लिहिताना सर्वांत महाग पडते ती 'रन'ची, म्हणजे नियम लागला की प्रोग्रॅम चालवणाऱ्या सूचनेची, चूक. 'रन'मधून सुरू केलेला लांब चालणारा प्रोग्रॅम मारला जातो. एका घटनेची कमाल मुदत मुळात १८० सेकंद असते. शिवाय पालक डिव्हाइसचा नियम संपेपर्यंत त्याच्या पोटातल्या डिव्हाइसांच्या वर्द्या ताटकळतात. 'रन'मध्ये 'माउंट' केलं तर बाहेर काहीच दिसत नाही, कारण सिस्टिमडीखाली (सर्व्हिस सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमखाली) यूडेव्हला माउंटची स्वतंत्र नेमस्पेस, म्हणजे इतरांना न दिसणारी वेगळी यादी, असते. अशा कामासाठी डिव्हाइसला 'सिस्टिमडी'चा टॅग लावून 'सिस्टिमडी_वॉन्ट्स'मधून सर्व्हिस सुरू करावी. तपासायला दोन बरोबर-चिन्हं, नेमायला एक, हे आहेच. कर्नल ४.१४ पासून (२०१७) 'बाइंड' (डिव्हाइसला ड्रायव्हर जोडला गेला) ही वेगळी कृतीही आली. फक्त 'अ‍ॅड' आणि 'चेंज' पाहणारा नियम 'बाइंड'च्या वेळी चालत नाही, आणि 'अ‍ॅड'ला नोंदवलेले गुणधर्म गळून पडतात. त्यामुळे 'रिमूव्ह नसेल तर' अशीच अट लिहावी.

कर्नलची एकही ओळ आली नाही तर नियमांत हात घालू नका: केबल फक्त चार्जिंगची आहे का, हब पुरेशी वीज देतो का, ते पाहा. कर्नलची आली पण यूडेव्हची नाही, तर यूडेव्हची सर्व्हिस बंद आहे किंवा एखाद्या 'रन'मध्ये अडकली आहे. दोन्ही आल्या आणि तरी दुवा नाही, तर 'यूडेव्हएडीएम टेस्ट'ला सिसएफएसमधला पत्ता द्या. कोणत्या फाइली वाचल्या आणि शेवटी कोणते दुवे व परवानग्या ठरल्या, ते तो छापतो. नियम दुरुस्त केल्यावर 'यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' पुरेसं नाही, कारण आधीच लावलेल्या डिव्हाइसला नवा नियम आपोआप लागत नाही. 'यूडेव्हएडीएम ट्रिगर' चालवा किंवा केबल काढून पुन्हा लावा.