गोंदण पुसणारं मलम आणि तालमीतले पैलवान

गल्लीतला एक पोरगा सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पळतो. अडचण एकच: जोतिबाच्या यात्रेत दंडावर गोंदवून घेतलेलं नाव. भरतीत कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर चालतो, दंडावर नाही. "काका, ऑनलाइन मलम मिळतंय, लावू काय?"

लावू नको. अशा बऱ्याच मलमांत आम्ल असतं, ते वरची कातडी सोलतं. शाई असते त्याखालच्या थरात, एक-दोन मिलिमीटर खोल. बिब्बा लावायचा सल्ला देणारेही भेटतील. त्याने फोड येतील, नाव तिथंच राहील.

शाई तिथं टिकते कशी, हे मात्र भन्नाट आहे. सुई टोचली की शरीराच्या भक्षक पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. पचवता येत नाहीत, म्हणून पोटात घेऊन बसतात. आपल्याला दिसतो तो टॅटू म्हणजे या पोट भरलेल्या पेशी.

मग त्या पेशीच मारल्या तर? कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या अ‍ॅलेक फाल्कनहॅम या विद्यार्थ्याच्या मलमाची २०१५मध्ये बातमी झाली, ती याच कल्पनेवर. हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधांच्या गटातलं औषध चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत भरायचं; भक्षक पेशी ते फुगे गिळतात आणि मरतात.

पण २०१८मध्ये फ्रान्समधल्या मार्सेलच्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर हिरवा टॅटू काढला आणि त्या भागातल्या भक्षक पेशी मारून पाहिल्या. टॅटू जसाच्या तसा! मेलेल्या पेशीतून सांडलेली शाई नव्या पेशींनी जागेवरच गिळली. गोंदलेल्या कातडीचा तुकडा दुसऱ्या उंदरावर बसवला, तर सहा आठवड्यांत बहुतेक शाई त्या उंदराच्या पेशींत गेलेली. तालमीतले पैलवान बदलत राहतात, हौद्यातली माती तीच, तसं हे.

म्हणजे पेशी मारून भागत नाही. नव्या पेशी येण्याआधी शाई तिथून हलवायला हवी. लेसर कणांचा चुरा करतो, तो चुरा लसिका, म्हणजे शरीरातल्या बारीक नळ्यांतून वाहणारा पातळ द्रव, वाहून नेते. नव्या पेशींना थोडा वेळ अडवून धरणारं औषध लेसरच्या जोडीला मिळालं, तर काम लवकर होईल, असं त्याच संशोधकांनी सुचवलं. मेल्यावर फक्त गोंदणच सोबत येतं, असं आमची आजी म्हणायची. वर काय जातं ठाऊक नाही. थोडी शाई काखेतल्या लसिका गाठींत जाऊन बसते, एवढं नक्की.

लेसर एका फटक्यात होत नाही, बऱ्याच वेळा घ्यावा लागतो, दर वेळी काही आठवड्यांचं अंतर ठेवून. पोरगा बोटांवर भरतीपर्यंतचे महिने मोजायला लागला.