डेक गेला, दरवाजे उरले : गाडीतल्या साउंड सिस्टिमची पार्श्वभूमी

पंधरा-वीस वर्षांपूर्वी गाडीतला आवाज सुधारायचा म्हटलं की पहिलं काम ठरलेलं असायचं. कंपनीचा डेक काढायचा आणि बाजारातला चांगला डेक बसवायचा. स्पीकरचं नंतर, पैसे उरले तर. आज त्याच दुकानात नवी गाडी नेली तर कारागीर डॅशबोर्डवरच्या स्क्रीनला हातही लावत नाही. तो दरवाजाचं ट्रिम उघडायला घेतो, डिकीत सबवूफरला, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला, जागा किती आहे ते बघतो आणि विचारतो, "वॉरंटी चालू आहे ना? मग कंपनीच्या तारांचं कपलर (जोड) न कापताच करू." काम तेच, गिऱ्हाइकाची हौसही तीच, फक्त सुरुवातीची जागा बदलली. ती का बदलली, याचं उत्तर डॅशबोर्डमधल्या एका चौकोनी खाचेत आहे.

गाडीतला रेडिओ हे मुळातच बाहेरून आणून बसवायचं सामान होतं. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० साली मोटोरोला ५टी७१ हा रेडिओ काढला. किंमत ११० ते १३० डॉलर, आणि त्या काळी फोर्डची नवी मॉडेल ए गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती. म्हणजे गाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढा खर्च एका रेडिओवर. बसवायचा खटाटोप वेगळाच: छताचं अस्तर उसवून त्यात एरियलची तार फिरवायची, रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या ठेवायच्या, इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर येऊ नये म्हणून प्लगना सप्रेसर लावायचे. गॅल्व्हिन यांचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. कर्ज मिळावं म्हणून त्यांनी एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला. कर्ज काही मिळालं नाही. अँपची (आवाजाची ताकद वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची) जाड केबल फ्यूज न लावता थेट बॅटरीला जोडणाऱ्या आजच्या हौशी मंडळींना हा किस्सा आवर्जून ऐकवावा.

युरोपात ब्लाउपुंक्टने १९३२ साली पहिला कार रेडिओ आणला आणि १९५२ साली पहिला एफएम कार रेडिओही त्यांनीच.

त्या काळची खरी अडचण आवाजाची नव्हती, व्होल्टेजची होती. रेडिओतल्या व्हॉल्व्हना, म्हणजे काचेच्या नळ्यांना, दीडशे-दोनशे व्होल्ट लागत, आणि गाडीची बॅटरी होती ६ व्होल्टची. त्यावर तोडगा निघाला वायब्रेटरचा. लोखंडाची एक पातळ पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून बॅटरीचा डीसी प्रवाह तोडत राही, तो तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून चढवायचा आणि पुन्हा सरळ करायचा. रेडिओ चालू केला की आधी या पट्टीची गुणगुण ऐकू येई. पुढे ट्रान्झिस्टर आले. क्रायस्लर आणि फिल्को यांनी १९५५ साली पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ जाहीर केला आणि तो १९५६ च्या इम्पीरियल गाड्यांत दीडशे डॉलरच्या पर्यायी सामानात मिळू लागला. त्याच सुमारास गाड्याही १२ व्होल्टवर आल्या. वायब्रेटरची गरज संपली. ही युक्ती मात्र संपली नाही, ती पुढे अँपमध्ये परत भेटते.

आपल्याकडे अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये तयार होणारी फियाट यांच्या काळात गाडीत रेडिओ असणं हेच अप्रूप होतं. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागायचा, दरवर्षी फी भरावी लागायची. ऐकायला काय, तर मीडियम वेव्हवरची आकाशवाणी आणि १९५७ पासून विविध भारती. मीडियम वेव्हमध्ये वरचे सूर जेमतेम पाच हजार हर्ट्झपर्यंत पोचतात, आणि तेही मोनो. त्यामुळे डॅशबोर्डखाली कागदी कोनाचा एकच लंबगोल स्पीकर पुरायचा. कंपन्यांना स्पीकरवर पैसे न घालवायची सवय इथपासून आहे, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. कुठल्याही मधल्या व्हेरिएंटच्या दरवाजातला स्पीकर बाहेर काढून बघा: प्लॅस्टिकची चौकट, कागदी कोन, मागे रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं लोहचुंबक.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ साली काढली, पण आपल्याकडे तिचा खरा पूर ऐंशीच्या दशकात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पहिल्यांदाच मध्यमवर्गाच्या हातात अशी गाडी आली जिच्यात इंजिनाच्या आवाजावरून गाणं ऐकू येई. आयात शुल्क तेव्हा इतकं होतं की जपानी डेक रीतसर घेणं परवडायचं नाही. मुंबईत त्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना ही ठिकाणं, नाहीतर आखातातून येणारा कुणी नातेवाईक. बसवून द्यायला कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुण्यात गाडीच्या सामानाला नाना पेठ, इलेक्ट्रॉनिक्सला तपकीर गल्ली. डेकसोबत इक्वलायझर-बूस्टर नावाचा एक सपाट डबा यायचा. त्याचे लाल-हिरवे दिवे गाण्याबरोबर वरखाली व्हायचे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आवाजापेक्षा ते दिवेच जास्त विकले गेले. मागच्या पार्सल ट्रेवर लंबगोल 'सिक्स बाय नाइन', त्यांच्या जाळीवर मागच्या गाडीवाल्याला वाचता येईल एवढं कंपनीचं नाव. सातारा-कोल्हापूरकडच्या वडापच्या जिपांनी तर ड्रायव्हरच्या डोक्यावर, सीटखाली, मिळेल तिथे स्पीकर कोंबले.

हे सगळं शक्य झालं ते एका मापामुळे. जर्मनीच्या डिन या मानकांमध्ये कार रेडिओच्या खाचेचं माप ठरलं होतं, १८० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच. १९८४ साली ते आयएसओ ७७३६ म्हणून आंतरराष्ट्रीय झालं. जपानी गाड्यांमुळे दुप्पट उंचीचं, १८० बाय १०० मिमीचं डबल डिनही रूढ झालं. एकदा माप सगळीकडे सारखं म्हटल्यावर गाडी कुणाची आणि डेक कुणाचा, याचा संबंधच उरला नाही. कंपन्यांनाही ते सोयीचं होतं. बेस मॉडेल नुसत्या खाचेवर झाकण लावून विकायचं, पुढचं गिऱ्हाईक आणि ॲक्सेसरीवाला बघून घेतील. चोरांनाही ते सोयीचंच होतं, म्हणून मग डेकचा पुढचा भाग काढता येईल अशी सोय झाली आणि गाडी लावल्यावर ती पट्टी छोट्या डबीत घालून खिशात ठेवायची पद्धत पडली.

या डेकवर ठसठशीत लिहिलेलं असे: ५० वॅट × ४. तो आकडा खोटा नव्हता, पण खराही नव्हता. चालू गाडीत मिळतात १४.४ व्होल्ट. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यावर स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २६ वॅट जाऊ शकतात, तेही कागदावर. प्रत्यक्षात १८-२० धरा. पन्नासचा आकडा येतो तो आवाज पार फाटेपर्यंत चिपला ताणल्यावर. ही डेकची नाही, बॅटरीची मर्यादा आहे. म्हणूनच वेगळ्या अँपची गरज पडली. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये जिम फॉसगेट यांनी सत्तरच्या दशकात गाडीसाठी वेगळे अँप बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे रॉकफर्ड फॉसगेट हे नाव झालं. ताकदीचे अँप बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात, ट्रान्सफॉर्मरमधून चढवतात आणि पुन्हा सरळ करतात. थरथरणाऱ्या पट्टीच्या जागी मॉसफेट नावाचे ट्रान्झिस्टर आले, एवढाच फरक.

सबवूफरची गोष्ट मात्र गॅरेजमध्ये नाही, कागदावर सुरू झाली. स्पीकरचा डबा किती मोठा हवा, हे पूर्वी सुतार आणि कान मिळून ठरवत. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये लिहिलेल्या निबंधांनी ते गणितात बसवलं. स्पीकर कुठल्या सुराला आपणहून डोलतो, त्याची लवचीकता किती लिटर हवेएवढी आहे, त्याला ब्रेक किती लागतो, एवढं कळलं की डब्याचा आकार हिशेबाने निघतो. दहा इंची सबवूफरच्या खोक्यावर आज जे आकडे छापलेले असतात ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात. बंद डब्यात असा एखादा सबवूफर वीस-पंचवीस लिटरमध्ये नीट वाजतो. म्हणजे डिकीतली एक बॅग कमी.

आणि इथे गाडी चक्क मदत करते. ६० हर्ट्झच्या आवाजाची लांबी पावणेसहा मीटर, आणि आपली केबिन त्याच्या निम्म्यानेही लांब नाही. एवढ्या लहान जागेत खालचा सूर लाटेसारखा पसरत नाही, आतल्या हवेचा दाबच वरखाली करतो. त्यामुळे सूर जितका खाली जाईल तितका तो केबिनमध्ये वाढत जातो. घरात बारा इंची सबवूफरने जे होत नाही ते हॅचबॅकमध्ये आठ इंचीने होतं. काचा बंद हव्यात, एवढंच. खाली घेतल्या की ही वाढ बरीचशी बाहेर जाते, शेजारच्या रिक्षावाल्याकडे.

डेक बाहेरून घ्यायच्या या व्यवस्थेला पहिला धक्का १९८३ मध्ये बसला. जनरल मोटर्सच्या डेल्को विभागाने बोस कंपनीसोबत कॅडिलॅक सेव्हिलसारख्या मोजक्या गाड्यांमध्ये त्या-त्या केबिनसाठीच आखलेली सिस्टिम कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले क्रांतिकारक, त्यामुळे आपल्याकडे या नावाविषयी जिव्हाळा थोडा जास्तच. अशा सिस्टिममध्ये स्पीकर, अँप आणि इक्वलायझिंग एकमेकांसाठी बांधलेले असतात. बोसचे स्पीकर तर पुष्कळदा ४ ओहमपेक्षा कितीतरी कमी ओहमचे असतात. त्यांच्या जागी बाजारातला महागडा स्पीकर बसवला की आवाज चक्क कमी होतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं.

दुसरा धक्का मोठा होता, पण त्याचा गाण्याशी काही संबंध नव्हता. बॉशने १९८६ साली कॅन बस जाहीर केली, म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांनी दोन तारांवर एकमेकांशी बोलायची पद्धत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत डेकही या गप्पांमध्ये सामील झाला. स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्सचा कॅमेरा, काही गाड्यांत एसी आणि गाडीची सेटिंगसुद्धा त्याच स्क्रीनवर आली. २०१४ मध्ये फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारं कारप्ले, पाठोपाठ अँड्रॉइड ऑटो आल्यावर डेक बदलायचं मोठं कारणही गेलं. खाच बुजली आणि तिच्या जागी डॅशबोर्डवर तरंगणारी पाटी आली, जी काढली तर मागे बसवायला बाजारात काही नाही.

म्हणून आता काम उलट्या टोकाने होतं. कंपनीचा स्क्रीन तसाच ठेवायचा आणि त्याच्या स्पीकरच्या तारांवरूनच अँपला सिग्नल द्यायचा. यात एक गोम आहे. बऱ्याच गाड्यांचा स्क्रीन आवाज वाढवला की स्वतःहून बेस, म्हणजे खालचे सूर, कमी करतो, कारण दरवाजातला कागदी स्पीकर फाटू नये. तुम्ही डिकीत सबवूफर लावला तरी त्याच्यापर्यंत तो कापलेला बेसच पोचतो. मोठ्या आवाजात तो रुसल्यासारखा गप्प होतो. ही कात्री उलटवायला डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे सिग्नल दुरुस्त करणारा डबा) लागतो, आणि हल्ली जाणकार दुकानं सबवूफरच्या आधी त्याचीच चौकशी करतात. पाचशे वॅटच्या क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या) अँपला बॅटरीतून ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. तेवढी जाड तांब्याची केबल आणि बॅटरीपासून वीतभर-दीड वीत अंतरावर फ्यूज, याला पर्याय नाही. नुसतं दरवाजाच्या पत्र्याला थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट चिकटवून स्पीकर बदलले, तरी मधल्या व्हेरिएंटमध्ये फरक लगेच कळतो. माझ्या मते खर्चाचा पहिला हप्ता तिथेच जायला हवा, सबवूफरवर नाही.

कंपन्यांनी हा धंदा परत आपल्याकडे ओढलाय, हे महाराष्ट्रात बसून स्पष्ट दिसतं. चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ साली सोनीचे बारा स्पीकर आले, आणि २०२४ च्या बीई ६ मध्ये हार्मन कार्डनचे सोळा. पण ते वरच्या व्हेरिएंटमध्ये. खालचं व्हेरिएंट घेणाऱ्याला पूर्वीसारखेच मोजके स्पीकर, आणि वरच्या व्हेरिएंटची वायरिंग त्याच्या गाडीत असेलच असं नाही. सीएसटी रोडवरच्या दुकानांचं आजचं गिऱ्हाईक मुख्यतः तोच आहे, आणि त्याच्यासाठी गाडीगणिक तयार कपलर मिळतात: एक टोक कंपनीच्या सॉकेटमध्ये, दुसरं अँपमध्ये, आणि सर्व्हिस सेंटरला जायच्या आदल्या दिवशी दहा मिनिटांत सगळं होतं तसं करून देण्याची हमी.