प्रारंभ-समयदोष : वितरित नियंत्रण प्रणालीतील दोषशोध

नेटवर्कने जोडलेले अनेक कंट्रोलर (यंत्रे चालवणारे लहान संगणक) एकाच वेळी सुरू होताना कोण आधी उठला आणि कोण मागे राहिला, एवढ्याच फरकामुळे होणाऱ्या बिघाडाला प्रारंभ-समयदोष म्हणतात. प्लांटवरची मंडळी याला ‘स्टार्टअपचा प्रॉब्लेम’ म्हणतात. यातले प्रत्येक यंत्र सुटे तपासले तर ठणठणीत निघते. प्रणाली एकदा स्थिरावली की दोषाचा मागमूस उरत नाही आणि रीस्टार्ट केले की बहुतेक वेळा सगळे सुरळीत चालते. त्यामुळे ‘रीस्टार्ट केल्यावर ठीक’ अशी नोंद होऊन असा दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो.

एका मोठ्या संगणकाचे काम अनेक लहान कंट्रोलरांत वाटून देणाऱ्या प्रणाली 1975 मध्ये बाजारात आल्या. हनीवेलची टीडीसी 2000 आणि योकोगावाची सेंटम या त्यांतल्या सुरुवातीच्या. एक कंट्रोलर बंद पडला तरी बाकीचे चालत राहावेत, हा त्यामागचा विचार होता. तो साधला, पण सगळे एकदम बंद पडून एकदम उठले तर काय, हा प्रश्न त्याच्याबरोबरच आला.

कोकण किनाऱ्यावर हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. थळ, नागोठणे, महाड, लोटे-परशुराम, जयगड या पट्ट्यात खत, रसायने आणि वीज यांचे मोठे प्रकल्प आहेत, तर गावोगावी पाणीपुरवठ्याच्या लहान योजना. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस विजांच्या कडकडाटासह येतो. फीडरवर (वीज वाहून आणणाऱ्या लाइनवर) रीक्लोजर, म्हणजे तुटलेला पुरवठा आपोआप पुन्हा जोडणारा स्विच, असेल तर लाइट क्षणभर जाऊन परत येते. एवढ्यात काही पॉवर सप्लाय तग धरतात, काही धरत नाहीत. म्हणजे अर्धी यंत्रे रीस्टार्ट होतात आणि अर्धी जुन्याच समजुतीवर चालत राहतात. पूर्ण अंधारापेक्षा हा प्रकार शोधायला अवघड. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी यूपीएसही संपतो आणि एरवी कधीच पूर्ण बंद न होणारी प्रणाली शून्यापासून उठते.

एका पाणी योजनेचे उदाहरण घेऊ. नदीकाठी जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) आणि पंप, वर डोंगरावर टाकी, टाकीत पातळी मोजणारा सेन्सर. लाइट आली. पंपाचा कंट्रोलर 10 सेकंदांत तयार झाला. नेटवर्क स्विचचा पोर्ट मात्र लिंक आल्यावरही जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्री नियमाने 30 सेकंद डेटा सोडत नाही, कारण जाळ्यात कुठे वर्तुळ तर तयार झाले नाही ना, याची तो आधी खातरजमा करतो. तोवर कंट्रोलरच्या स्मृतीत पातळीच्या जागी 0 आहे. 0 म्हणजे टाकी रिकामी, असे समजून त्याने पंप चालू केला. टाकी तर काठोकाठ भरलेली. थोड्या वेळाने खालच्या वाडीतून ऑपरेटरला फोन : “अहो दादा, टाकी वाहून चाललीय, पंप बंद करा!” ऑपरेटर पोहोचेपर्यंत खरी पातळी आलेली असते, पंप आपोआप थांबलेला असतो आणि पॅनलवर सगळे हिरवे दिसते.

दोष त्या 0 मध्ये आहे. ‘अजून माहीत नाही’ आणि ‘शून्य आहे’ या दोन गोष्टी सॉफ्टवेअरने एकाच खणात ठेवल्या. इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी हा भेद तारेच्या पातळीवर फार पूर्वी सोडवला : 4 ते 20 मिलिअँपिअर सिग्नलमध्ये शून्य मोजमापालाही 4 मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे तुटलेली तार लगेच कळते. यंत्रांनी एकमेकांना डेटा देण्याच्या ओपीसी यूए या मानकातही ‘पहिल्या मूल्याची वाट पाहत आहे’ अशी स्वतंत्र स्थिती आहे. ती वाचणारा कोड लिहिणे मात्र आपल्याच हाती असते.

शोध घेताना पहिली अडचण घड्याळाची. आतली बॅटरी संपलेल्या अनेक यंत्रांचे लॉग 1 जानेवारी 1970 पासून (संगणकी घड्याळाच्या शून्यापासून) सुरू होतात आणि नेटवर्कवरून खरी वेळ मिळाली की अर्ध्या शतकाहून मोठी उडी मारतात. वाट पाहण्याची मुदत याच घड्याळावर मोजलेली असेल तर त्या क्षणी सगळ्या मुदती एकदम संपतात. म्हणून प्रत्येक यंत्राने ‘चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद’ हा न मागे जाणारा आकडाही लिहावा. मग दोन यंत्रांनी पाहिलेला एकच पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) खूण म्हणून धरून दोन्ही लॉग जुळवता येतात. पॅकेट पकडायला स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे इतर पोर्टवरच्या डेटाची प्रत मिळते) वायरशार्क हे पॅकेट टिपणारे सॉफ्टवेअर लावणे उत्तम, कारण तपासल्या जाणाऱ्या यंत्राला त्याचा भार पडत नाही. लॉगच्या ओळी वाढवल्या की त्या लिहिण्यात गेलेल्या वेळेनेच क्रम बदलतो आणि दोष दिसेनासा होतो, हा अनुभव या कामातल्या प्रत्येकाने घेतलेला असतो.

वर्कशॉपमध्ये हा दोष सहसा सापडत नाही, कारण तिथे माणूस एकेक यंत्र हाताने चालू करतो. पूर्ण रॅक एकाच मेन स्विचवर घेऊन पाडावा लागतो. नंतर एकेकाची नेटवर्क केबल दोन मिनिटे काढून त्याला मुद्दाम उशीर करावा लागतो. हे किती वेळा करायचे याचे गणित आहे. वीस रीस्टार्टमध्ये सरासरी एकदा येणारा दोष गेला असे 95 टक्के खात्रीने म्हणायला सलग 59 स्वच्छ रीस्टार्ट लागतात. पाच-सहा वेळा पाहून दिलेला निर्वाळा निरर्थक असतो.

अमेरिकेच्या स्पेस शटलचे पहिले उड्डाण 10 एप्रिल 1981 रोजी याच जातीच्या दोषाने थांबले. राखीव संगणकाचा मुख्य संगणकांशी मेळ बसेना. चालू होण्याच्या क्षणी वेळ एक आवर्तन चुकण्याची शक्यता 67 मध्ये 1 होती. तीही पूर्वी एका विलंबाच्या आकड्यात केलेल्या बदलातून आलेली. संगणक पुन्हा चालू केल्यावर मेळ बसला आणि 12 एप्रिलला यान उडाले.

विलंबाचा आकडा वाढवणे हाच उपाय सर्वत्र आधी केला जातो : ‘30 सेकंद थांब, मग सुरू हो.’ तो तात्पुरता धकतो. पुढे कोणी स्विच बदलतो किंवा एखाद्या यंत्राचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) जड होते आणि 30 सेकंद अपुरे पडतात. टिकणारा उपाय म्हणजे खरे मूल्य येईपर्यंत आउटपुट सुरक्षित स्थितीत ठेवणे, मूल्य न आल्यास अलार्म देणे, आणि पुन्हा विचारताना प्रत्येकाने थोडा वेगवेगळा वेळ थांबणे, म्हणजे सगळे एकदम नेटवर्कवर तुटून पडत नाहीत. वरच्या उदाहरणात पहिली खरी पातळी येईपर्यंत पंप बंद, एवढी एक अट पुरते. पागोळ्या, गटारे, जनित्र यांच्या पावसाळापूर्व तपासणीतच ही चाचणी बसवता येते : मेच्या पहिल्या पंधरवड्यात, टाकी भरलेली असताना, दिवसाउजेडी मेन स्विच पाडून परत चढवायचा आणि एक माणूस टाकीपाशी उभा ठेवायचा.